पिठात उमटलेला पंजा

दादा गेला आणि त्याच्या कुत्र्याने खाणे सोडले. घरात कोणालाच याचे नवल वाटले नाही. उलट भेटायला येणाऱ्यांना तो दाखवला जाऊ लागला. दादाला ज्या खोलीत शेवटचे निजवले होते तिथे दिवा तेवत ठेवला होता, आणि दिव्यापासून हातभर अंतरावर कुत्रा फरशीला पोट टेकून पडलेला असे. बायका आधी वहिनीला जवळ घेऊन रडत, मग पदराने डोळे पुसून त्याच्याकडे बघत. "मुकं जनावर हाय, पन पाहा कसं समजते त्याले," असे म्हणत. एकीने त्याचा फोटोही काढला. त्या दिवसांत मीही त्याच्याकडे बघून रडले. मला त्याच्यासारखे उघडपणे पडून राहता येत नव्हते, म्हणूनही असेल.

मी अमरावतीला राहते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. दादा-वहिनी अकोल्याचे. त्यांना मूलबाळ नाही, मी एकटी. दोन घरांचे मिळून जे काही कुटुंब होते ते एवढेच, कुत्रा धरून. गावठी, तांबूस, एक कान अर्धा दुमडलेला. दादा जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात होता, तिथल्या गेटपाशी हे पिल्लू त्याला सापडले. त्याने त्याचे नाव ठेवले नाही. तो चुटकी वाजवायचा आणि कुत्रा यायचा. दादाची चुटकी अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी वाजे. आमच्यापैकी कोणाच्याही बोटांतून तसा आवाज निघत नसे.

दादाचे शेवटचे आठवडे दवाखान्यात गेले. वहिनी बाहेरच्या खुर्चीवर असायची. घरी यायची ती अंघोळीपुरती, कुत्र्यापुढे काहीतरी ठेवायची आणि परत जायची. त्या आठवड्यांत कुत्र्याकडे कोणी नीट पाहिले नव्हते. पाहण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी आमच्या मोठ्या काकूने पीठ मागितले. ही वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. घरातल्या जन्ममरणाच्या सगळ्या रीती तिच्या हातात. आमच्या घराण्यात नवव्याला दिव्याजवळ ताट ठेवून त्यात पीठ चाळतात, वर टोपली पालथी घालतात आणि सकाळी ती उचलून पाहतात. पिठात जी खूण उमटलेली दिसेल त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते समजते, अशी समजूत. वडिलांच्या वेळी काकूला चिमणीचे पाऊल दिसले होते. मला तेव्हा नुसते पीठ दिसले होते. पण ते मी बोलले नव्हते.

सकाळी आम्ही खोलीत गेलो तेव्हा टोपली सरकलेली होती. कुणी काही शोधण्याची गरजच नव्हती. पिठाच्या मधोमध चार बोटांचा, मागे गादी असलेला, स्वच्छ पंजा उमटला होता. कुत्रा बाजूलाच डोळे मिटून पडला होता आणि त्याच्या पुढच्या पायाला पीठ लागले होते.

काकूने हात जोडले. "आला वं माय. त्याच्याच रूपानं आला." मग तिने वाकून बोट दाखवले. "अन् हे पाहा. कुंकू."

पंजाच्या कडेला तांबडा ठिपका होता.

"सूनबाईसाठी ठेवून गेला," काकू म्हणाली. "आता हा बी जाईन त्याच्यासंगं. कोनी अडवू नका त्याले. तोंडात गंगेचं पानी घाला अन् पडू द्या."

वहिनी तोपर्यंत रडली नव्हती. लोक तिला रडवायचा प्रयत्न करत होते आणि ती चहा किती जणांचा टाकायचा ते विचारत होती. त्या क्षणी ती खाली बसली आणि ताटाच्या काठाला कपाळ टेकून रडली. काकूने मला डोळ्यांनीच खुणावले की आता बरे झाले.

मी ठिपक्याकडे पाहत होते. कुंकू पिठात पडले तर भुरभुरते, पसरते. हे तसे नव्हते. थेंब पडला होता आणि त्याच्याभोवती पिठाची गोळी झाली होती. मी कुत्र्याच्या तोंडाशी वाकले. डाव्या नाकपुडीखाली वाळलेला काळसर ओघळ होता. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या कापसासारख्या पांढऱ्या. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. त्या पाहण्यात दुःख वगैरे काही नव्हते. तापात माणूस पाहतो तसे ते पाहणे होते.

मला ते सांगायचे होते, आणि सांगताच वहिनीच्या हातातले ते कुंकू मीच काढून घेणार होते. मी घुटमळले. पुरुष मंडळी दहाव्यासाठी घाटावर निघाली, त्यांचे पंचे, तांब्या, पिंडाचे सामान गेले, दार लागले. मग मी स्वयंपाकघरात वहिनीला गाठले.

"वहिनी, ते कुंकू नाही. त्याच्या नाकातून रक्त येतंय."

ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. "मले नोका सांगू, ताई."

"तो आजारी आहे. रडून कोणाच्या हिरड्या पांढऱ्या होत नाहीत."

"एक दवाखाना पाहिला मी," ती म्हणाली. "भरा म्हनलं तेवढे भरले. सही कर म्हनलं तिथं सही केली. आता दुसरा नाही पाहू शकत. ते बोलावून राहिले असतील त्याले, तं जाऊ द्या."

  ती दिव्याच्या खोलीत गेली. बराच वेळ गेला. मी दारातून पाहिले तर तिने पदराचे टोक ओले करून त्याचे नाक पुसले होते आणि ते टोक उजेडाकडे धरून पाहत होती. मग ती उठली, खुंटीवरचा पट्टा घेतला.

"तुमच्यासंगं तो ऑटोत बसनार नाही," ती म्हणाली. "मलेच यावं लागन."

काकू दारात आडवी झाली. "सुतकात कुठी चालली? तेरवी व्हायची हाय अजून! तिकडे पोरं घाटावर नवऱ्याचं दहावं करून राहिले, अन् तू कुत्रं घेऊन गाव फिरते?"

"काकूजी, तुमीच म्हनलं ना, ते त्याच्या रूपानं आले म्हनून?" वहिनीने पट्टा मनगटाला गुंडाळला. "मंग त्यांलेच नेऊन राहिली दवाखान्यात."

 काकूने वहिनीकडे पाहिले, कुत्र्याकडे पाहिले. शेवटी बाजूला झाली. "डोक्यावरून पदर तरी घे मंग," ती म्हणाली.

ऑटोत वहिनीने त्याला मांडीवर आडवे घेतले होते. दादा त्याला दर वर्षी रेबीजची लस द्यायला पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचा आणि परत येऊन तिथल्या रांगेवर तासभर बोलायचा. पण आज तिथे नको, असे वहिनी म्हणाली. तिथे ओळखीचे कोणी भेटेल. दहाव्याच्या दिवशी विधवा बाई रस्त्यावर दिसली, हे कोणी पाहायला नको होते. म्हणून आम्ही नव्या वस्तीतला एक खासगी दवाखाना निवडला. काचेचे दार, थंडगार हवा, रांग नाही. आम्ही डॉक्टर निवडला तो असा: जिथे आपल्याला कोणी ओळखणार नाही तो.

तिथला डॉक्टर तरुण होता, हात हलका होता. त्याने तपासले आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या, एक्स-रे, सोनोग्राफी, सलाइन, भरती असे सांगितले. तो घाईत असला तरी वाईट वागला नाही. यातले आधी काय करायचे, असे मी विचारणार होते. पण तो दुसऱ्या खोलीत गेला आणि काउंटरवरच्या मुलीने समोर कागद सरकवला.

"आधी डिपॉझिट भरून घ्या, मग आपण त्याला आत घेऊ."

वहिनीचा हात माझ्या मनगटावर आला. तिने हेच वाक्य आधी ऐकले होते. बहुधा याच शब्दांत, अशाच काउंटरपाशी.

"मॅडम, यातली पहिली तपासणी कोणती? तेवढीच आधी केली तर?" मी विचारले.

"एकत्रच असतं सगळं. पॅकेज आहे."

वहिनी उठली. कुत्र्याला उचलले आणि काचेचे दार खांद्याने ढकलून बाहेर गेली. मी मागे धावले. भर उन्हात रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी उभ्या राहिलो, तिच्या हातांवर तो लोंबत होता. मला त्या क्षणी खात्री वाटली की आम्ही आत्ता त्याला मारले. समोर डॉक्टर होता, यंत्रे होती, आणि एका वाक्यासाठी आम्ही बाहेर पडलो होतो.

"कॉलेजात चला," वहिनी म्हणाली. "पाहो कोनाले पाहायचं ते."

कॉलेजच्या दवाखान्यात रांग होती. बकऱ्या, एक वासरू, पिशवीतून डोके बाहेर काढलेली कोंबडी. केसपेपर काढून आम्ही शेवटी उभ्या राहिलो. वहिनीने पदर इतका पुढे ओढला होता की तिला जमीनच दिसत असेल. तरी ओळखलेच. पुढे बकरी धरून उभी असलेली बाई मागे वळली. ती रोज सकाळी दादाच्या दारावर मेथी आणि वांगी घेऊन येणारी.

"अगं बाई, वहिनी? तुमी?" ती मोठ्याने म्हणाली. "आज तं दहावं हाय ना तुमच्या घरी!"

रांगेतली माणसे वळली. वहिनी जागच्या जागी थिजली. मग त्या बाईची नजर कुत्र्यावर गेली. ती जवळ आली, त्याचा दुमडलेला कान बोटाने सरळ केला, तो पुन्हा दुमडला.

"हा तं भाऊसाहेबांचा हाय," ती म्हणाली. "रोज माह्या टोपल्यातलं गाजर पळवते." आणि वळून रांगेला: "जाऊ द्या हो यांले पुढं! माही बकरी काही मरून नाही राहिली, नुसते नखरे करून राहिली."

"माह्या बकरीले तरी विचार आधी," पुढचा म्हातारा म्हणाला, पण सरकला. त्याच्या पुढचे मात्र सरकले नाहीत, आणि त्यांचेही चुकले नाही. त्यांच्याही हातात जीव होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. घाटावरून चुलतभाऊ. "कावळा शिवून नाही राहिला ताई. झाडावर बसून हायेत, खाली येत नाहीत. वहिनीले विचार, दादाचं काही राहिलं होतं काय मनात?" तो इतका ओरडून बोलत होता की वहिनीला सगळे ऐकू आले. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"राहिलं हाय म्हना. पन मी लाइनीत हाय, अजून बकऱ्या हायेत पुढं."

कोणीतरी हसले. वहिनीलाही हसू फुटले आणि लगेच तिने तोंडावर हात घेतला. नंतर समजले की कावळे खाली आलेच नाहीत. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. चुलतभाऊ त्यावरून आमच्याशी कित्येक दिवस नीट बोलत नव्हता.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोट दाबले, मग पायाच्या बोटांच्या बेचक्यात बोट घालून एक फुगलेला गोचीड काढला. कानाच्या आत आणखी होते, ओळीने.

"याचे गोचीड कोण काढतं?"

वहिनीने त्याचा कान हातात घेतला.

"काढत होते," वहिनी म्हणाली.

दादा रविवारी सकाळी उन्हात पायरीवर बसून त्याला मांडीशी घ्यायचा आणि एक एक गोचीड वेचून रॉकेलच्या डबीत टाकायचा. मी सुट्टीत गेले की ते पाहून नाक मुरडायची. तो दवाखान्यात होता ते सगळे रविवार तसेच गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीच्या कपाळाकडे आणि पदराकडे एकदा पाहिले आणि पुढे विचारले नाही. "आता दुसरं विचारते," त्या म्हणाल्या. "किती खर्च झेपेल ते आत्ताच सांगा. लाजू नका. मला माहीत असलं तर त्यात बसेल असं काहीतरी मला ठरवता येतं. नसलं तर तुम्ही निम्म्यात थांबता, आणि तेच जास्त महाग पडतं."

दादाच्या दवाखान्यात हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, आणि आम्ही कोणाला तो विचारू दिला नसता. तिथे आम्ही फक्त हो म्हणत गेलो. मी वहिनीकडे पाहिले. तिने आकडा सांगितला. बाईंचा चेहरा पडला नाही की खुलला नाही.

"मग आज फक्त रक्त पाहू. एक्स-रे काढून मला जे कळेल त्यानं माझं औषध बदलणार नाही. कशाला काढायचा?"

रक्त घेतले, काचपट्टीवर पसरले. आम्ही व्हरांड्यात बसलो. वहिनी त्याच्या अंगावरून हात फिरवत होती आणि हाताला लागेल तो गोचीड नखाने काढत होती. पुष्कळ वेळाने बाई बाहेर आल्या.

"गोचीडताप आहे. प्लेटलेट्स फार उतरल्यात, म्हणून नाकातून रक्त."

"वाचन ना तो?" वहिनीने विचारले.

"सांगता येत नाही. गोळी पोटात टिकली तर आशा आहे. पण रिकाम्या पोटी द्यायची नाही, उलटी होईल. गोळीचं मूळ नाव लिहून देते, माणसांच्या मेडिकलमध्येही हेच औषध मिळतं, साध्या कंपनीचं घ्या." मग म्हणाल्या, "आज इथं यायच्या आधी कुठं दाखवलंत का?"

मी सांगितले.

"चांगला आहे तो डॉक्टर. रक्त आणखी उतरलं तर चढवावं लागेल, आणि ते त्याच्याकडेच करा. मीच चिठ्ठी देईन. आज वाचले ते पैसे त्यासाठी बाजूला ठेवा, दुसऱ्या कशात घालू नका. रोज हिरड्या पाहा, आणि परवा परत आणा."

म्हणजे आम्ही ज्या दारातून बाहेर पडलो होतो त्याच दारात कदाचित परत जावे लागणार होते. मला वाटले वहिनी नको म्हणेल. तिने होकाराची मान हलवली.

घरी आल्यावर खरी पंचाईत झाली. गोळी भरल्या पोटी द्यायची आणि तो खात नव्हता. शेजारून आलेला खिचडीभात त्याने हुंगलाही नाही. दादा त्याला ज्वारीची गरम भाकर दुधात कुस्करून द्यायचा. पण आमच्याकडे तेरवीपर्यंत चुलीवर तवा ठेवत नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मग तिने फडताळातून तवा काढला. त्या आवाजाने काकू आली. मी मधे पडायच्या तयारीत होते. काकू तव्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पीठ कोनतं घेतलं? ताटातलं नोको घेऊ, ते नदीत सोडाचं हाय." आणि परातीशी बसून तिनेच भाकरीचे पीठ मळले.

पिठाचे ताट नंतर तिने झाकून नदीवर पाठवले, पंजासकट, ठिपक्यासकट. तो ठिपका रक्ताचा होता हे तिला कळले होते की नाही, मला माहीत नाही. तिने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

पहिल्या घासाला त्याने तोंड फिरवले. दुसऱ्याला वहिनीने जबडा उघडून बोटाने घास आत ढकलला. तो त्याने गिळला, गोळी गिळली, आणि थोड्या वेळाने सगळे फरशीवर आले. वहिनीने पुसले, पुन्हा भाकर भिजवली. त्या वेळी ते आत राहिले.

पुढचा दिवस आम्ही दर थोड्या वेळाने त्याचा ओठ उचलण्यात घालवला. तो पांढरा रंग मघापेक्षा जास्त पांढरा आहे की तेवढाच, यावर आम्ही दोघी भांडलो. मी म्हणायची तेवढाच, ती म्हणायची जास्त. परवा उजाडला तर नाकाखाली पुन्हा एक तांबूस रेघ. वहिनीने बाजूला काढलेले पैसे रुमालात बांधले, रुमाल कमरेला खोचला. ऑटोत ती एकदाच बोलली. "रक्त चढवा म्हनलं तं मी सही करन. पन तुमी बाजूले उभ्या राहा."

पुन्हा तीच रांग, तोच व्हरांडा. बाई कागद घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकले नाही, चपलांकडे पाहत होते.

"प्लेटलेट्स चढल्यात," त्या म्हणाल्या. "फार नाही. पण चढल्यात. नाकाखालचं जुनंच आहे, खपली सुटली. रक्त चढवायची गरज नाही."

वहिनीने रुमाल सोडला नाही. तो तसाच हातात घट्ट धरून तिने विचारले, "मंग हे पैसे?"

"गोचिडाचं औषध. महिन्याला एकदा. या आजारापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे."

तेरवी झाली. पाहुणे गेले, काकू तिच्या गावी गेली, मी अमरावतीला परतले. वहिनीचे आणि माझे फोनवर बोलणे पूर्वी दिवाळीपुरते असे. आम्ही एकमेकींशी काय बोलावे हे आम्हाला कधी नीट उमगले नव्हते, मध्ये दादा असायचा. आता मी रोज ग्रंथालय उघडायच्या आधी फोन करत असे.

"हिरड्या?"

"गुलाबी."

एवढेच. कधी "फिक्या गुलाबी". त्या दिवशी माझ्या हातून पुस्तकांच्या नोंदी चुकत.

गोळ्या संपत आल्या होत्या तेव्हा एका सकाळी तिने फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा हातात घेऊन उभी होते, समोर मुले उभी होती, आणि मला त्या रिकाम्या खोलीतला दिवा दिसत होता. तिसऱ्यांदा करायचा धीर झाला नाही. गठ्ठा खाली ठेवला तेव्हा तिचाच फोन आला.

"हात गुतले व्हते," ती म्हणाली. "पायरीवर बसली व्हती, उन्हात. मागच्या पायात एक गोचीड सापडला. एकच. डबीत टाकला."

"आणि हिरड्या?"

"चांगल्या हायेत."  मागे कुठेतरी भांडे फरशीवर सरकल्याचा आवाज आला. "चुटकी मात्र मले नाही जमत, ताई. लय करून पाहिली. मी नुसतं ये म्हनते."

"येतो?"

"उशिरा येते," वहिनी म्हणाली. "पन येते."